तलवार-पट्ट्याचा अभ्यासक्रम लिहायचा, तर वार कुठे थांबतो तेही लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्र शासनाने दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केले. शाळा, उन्हाळी शिबिरे, मंडळांची पथके अशा बऱ्याच ठिकाणी आता तलवार-पट्ट्याचे वर्ग भरताना दिसतात आणि या सगळ्यांसाठी एकच लेखी अभ्यासक्रम असावा, अशी मागणीही ऐकू येते. मागणी रास्त आहे. पण आमच्या पाहण्यात आलेले बहुतेक आराखडे एका पानाच्या यादीवर संपतात: सलामी, पवित्रे, एकहाती तलवार, ढाल-तलवार, जोड तलवार, पट्टा, जोड पट्टा, लिंबू कापणे. ही कार्यक्रमपत्रिका झाली. ती वाचून नव्या शिक्षकाला उद्या सकाळी मैदानावर काय सांगायचे ते कळत नाही, आणि परीक्षकाला काय तपासायचे तेही कळत नाही.

प्रत्येक वाराबद्दल पाच गोष्टी लिहिल्या तरच तो अभ्यासक्रमात आला असे म्हणावे: हात आणि पाय कुठून सुटतात, पाते कोणत्या रेषेने जाते, पात्याचा कोणता भाग लागतो, वार कुठे थांबतो, आणि हमखास काय चुकते. पहिल्या तीन गोष्टी वस्ताद तोंडी सांगतात. चौथी आणि पाचवी बहुधा राहून जाते, आणि दुखापती तिथेच होतात.

नमुन्यादाखल एक वार पुरा लिहून दाखवतो. जनेवा घेऊ, कारण तो जवळपास सगळीकडे शिकवतात. समोरच्याच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे तिरका उतरणारा, जानव्याच्या रेषेतला हा वार. उजव्या हाताच्या विद्यार्थ्याने डावा पाय पुढे ठेवून उभे राहावे. पावलांमधले अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त, वजन दोन्ही पायांवर सारखे, मागचे पाऊल ४५ अंशांत बाहेर वळलेले. मूठ उजव्या कानाच्या बाजूला, पाते मागे झुकलेले; मात्र टोक कोपराच्या खाली जाऊ द्यायचे नाही, नाहीतर मागच्या रांगेतल्या मुलाला लागते. आधी हात सुटतो, मग उजवे पाऊल पुढे पडते आणि पाते निशाणावर पोहोचते त्याच क्षणी ते टेकते. पाऊल आधी टाकले, तर वार सुटायच्या आत अंग समोरच्याच्या टप्प्यात जाते आणि मध्ये आडवे काहीच नसते. टोकापासून चार ते सहा इंच मागचा भाग लागला पाहिजे आणि लागताक्षणी हात ओढत आला पाहिजे, कारण वक्र पाते ओढीने कापते. मूठ बेंबीच्या उंचीवर, डाव्या कुशीसमोर थांबते. टोक गुडघ्याच्या खाली जात नाही.

आता चुका. सर्वांत धोक्याची चूक पावलाची आहे. डावा पाय पुढेच राहिला आणि उजवीकडून डावीकडे उतरणारा वार सोडला, तर पाते स्वतःच्याच डाव्या गुडघ्यावर येते. लाकडी तलवारीने ते नुसते ठणकते, म्हणून विद्यार्थी दुर्लक्ष करतो आणि तीच सवय घेऊन पोलादाकडे जातो. त्यामुळे ‘उजवीकडून उतरणारा वार उजवे पाऊल पुढे टेकवूनच संपवायचा’ हा नियम ठळक अक्षरांत हवा. दुसरी चूक कोपराची. कोपर बाहेर फाकले की पाते फिरते आणि धारेऐवजी सपाट बाजू लागते. तिसरी मुठीची. पहिल्या दिवसापासून मूठ करकचून आवळली की खांदा वर चढतो, वार मंदावतो आणि दहा मिनिटांत मनगट भरून येते. करंगळी-अनामिकेने धरावे, बाकीची बोटे शेवटच्या वीतभर प्रवासातच आवळावीत. आणि वार सोडण्याआधी हात आणखी मागे नेण्याची खोड प्रात्यक्षिकात रुबाबदार दिसते. जोडीच्या खेळात तीच समोरच्याला आधी खबर देते.

एका वाराला एवढी जागा लागते. असे सात वार आणि एक टोकाचा वार नीट लिहिले, तर पहिल्या वर्षाचे पुस्तक झाले. शिर, तमाचा, बाहेरा, जनेवा, उलटा जनेवा, डावी कमर, उजवी कमर आणि टोक, एवढे पुरे. नावे तालमीगणिक बदलतात, त्यावर भांडत बसण्याचे कारण नाही. फक्त प्रत्येक नाव समोरच्याच्या अंगावरून ठरवावे, मारणाऱ्याच्या हातावरून नाही. तमाचा म्हणजे समोरच्याच्या डाव्या गालावर येणारा वार, बाहेरा म्हणजे उजव्या गालावर येणारा. मग डावखुरा विद्यार्थी आला तरी नाव तेच राहते आणि जोडीदाराला कुठे अडवायचे ते कळते. तालमीच्या भिंतीवर छातीच्या उंचीला तीन फूट व्यासाचे वर्तुळ काढून त्यात या रेषा आणि नावे रंगवून ठेवावीत. ब्रिटिश घोडदळाने १७९६ च्या तलवार-कवायतीत वर्तुळावर सहा वार असेच आखून दिले होते. युक्ती साधी आहे आणि आजही तितकीच कामाची आहे.

तलवार आणि पट्टा एकाच प्रकरणात कोंबणे ही या आराखड्यांतली मोठी चूक आहे. आपल्या तलवारीच्या मुठीला वर वाटी असते. मूठ घट्ट धरून मनगट पुढे ताणले की ती वाटी मनगटात रुतते. म्हणून फेन्सिंगसारखी लांबवलेली मनगटाची खोच या मुठीला मानवत नाही. वार खांद्या-कोपरातून ओढत घ्यावा लागतो. यूट्यूबवरची परदेशी तलवारबाजी पाहून शिकवणाऱ्यांची मुले मनगट धरून बसतात ती यामुळेच. शिवाय जुन्या मुठी आखूड असतात. सरावाची तलवार घेताना मुठीची आतली लांबी विद्यार्थ्याच्या तळहाताच्या रुंदीपेक्षा किमान अर्धा सेंटिमीटर जास्त आहे ना, हे मोजूनच घ्यावे.

पट्ट्यात हे सगळे उलटे होते. हात खोबळ्यात, म्हणजे हातमोज्यासारख्या धातूच्या आवरणात जातो, मूठ आत आडवी असते आणि मनगट जणू कुलूपबंद होते. पाते पुढच्या हाताच्या रेषेतच राहते, त्यामुळे धार वळवायची तर कोपरापासून पुढचा सगळा हात वळवावा लागतो आणि वाराचा जोर कमरेतून आणावा लागतो. पाते सरळ, दुधारी आणि लवचीक. लवचीक पाते वार थांबवल्यावरही थांबत नाही. हात थांबतो आणि टोक पुढे झुलून परत येते. म्हणून तलवारीसाठी लिहिलेली थांबण्याची जागा पट्ट्याला चालत नाही. पट्ट्याचा वार शक्यतो थांबवायचाच नाही, तो वळवून पुढच्या वारात मिसळायचा आणि अखेरीस टोक वर नेऊन विझवायचा. हे न सांगता मुलांना ‘थांब’ म्हणून ओरडले, तर झुलून आलेले टोक पोटरीवर किंवा शेजाऱ्यावर जाते.

आणखी एक. तलवार हातातून सोडता येते, पट्टा सोडता येत नाही. पाय घसरला तर पाते हातालाच राहते. म्हणून बैठकीतले, गुडघ्यावरचे आणि उडीचे पट्ट्याचे हात (फिरवण्याचे प्रकार) तिसऱ्या वर्षापूर्वी अभ्यासक्रमात असूच नयेत. जोड पट्टा तर त्याच्याही नंतर. जागेचा हिशोबही लिहावा. खांद्यापासून टोकापर्यंत मोठ्या माणसाचा पट्टा सहा-साडेसहा फूट पोहोचतो. म्हणजे दोन विद्यार्थ्यांच्या उभे राहण्याच्या जागांत १५ फूट हवेत आणि भिंतीपासून साडेसात. ३० बाय ४५ फुटांच्या सभागृहात एका वेळी सहाच पट्टे फिरू शकतात. तिथे वीस मुले एकदम उभी केलेली दिसतात, तेव्हा कुठेतरी गणित चुकलेले असते.

सरावाच्या साधनांबद्दल आराखड्यांत ‘लाकडी तलवार’ एवढेच दोन शब्द सापडतात. गोल काठीला धार नसते, त्यामुळे धार वळली तरी ती चूक ना विद्यार्थ्याला जाणवते ना शिक्षकाला दिसते. फरी-गदक्याचा गदका, म्हणजे लहान ढालीबरोबर खेळायची काठी, जोडीच्या खेळासाठी उत्तम. अंतर, वेळ आणि अडवणे त्यावरच शिकवावे. वारांची रेषा मात्र चपट्या लाकडावरच शिकवावी लागते. दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड, मोठ्या माणसासाठी साडेचारशे ते पाचशे ग्रॅम वजनाची बाभळीची पट्टी चालते. लांबी अशी की मूठ धरून हात सरळ खाली सोडला तर टोक जमिनीपासून चार बोटे वर राहील. दहा-बारा वर्षांच्या मुलांना तीनशे ग्रॅमच्या वर देऊ नये. धारेच्या कडेला लाल चिकटपट्टी आणि पाठीला पांढरी लावावी. मोबाइलवर मंद गतीचे चित्रण समोरून आणि बाजूने घेतले की पाते कुठे वळले ते विद्यार्थ्याला स्वतःलाच दिसते. बांबू जोडीच्या सरावाला वापरू नये. तो उभा चिरतो आणि सळ्या डोळ्यांत जातात. वेत चिरत नाही, पिचतो.

बोथट पोलादाला हात लावण्याआधी किमान ८० तास लाकडावर झालेले असावेत, अशी आमची सूचना आहे. सरावाच्या पोलादी तलवारीची धार २ मिलिमीटरहून पातळ नको, टोक गोल हवे. जुन्या पद्धतीत पात्याची आखूड शेपटी मुठीत लाखेने बसवलेली असते. सतत आपटल्याने ती लाख तडकते आणि एक दिवस पाते मुठीतून निसटून भिरकावले जाते. सरावासाठी शेपटी मुठीच्या आरपार गेलेली आणि रिव्हेट मारलेलीच तलवार घ्यावी. पट्ट्यात पाते खोबळ्याला वेल्डिंगने जोडलेले असेल तर तो नाकारावा: वेल्डिंगच्या कडेला पोलाद ठिसूळ होते आणि लवचीक पाते नेमके तिथेच तुटते. रिव्हेटचा पट्टा असला तरी प्रत्येक वर्गाआधी पाते हातात धरून हलवून पाहावे. खोबळ्याशी टकटक आवाज आला की तो पट्टा बाजूला ठेवावा.

जोडीच्या सरावात डोक्याला फेन्सिंगचा मुखवटा वापरतात. तो समोरून जाळी देतो, पण डोक्याची मागची बाजू उघडीच राहते. शिर आणि तमाचा शिकवायचे तर मागे जाड चामड्याचे किंवा फोमचे आवरण जोडलेच पाहिजे. बोटांसाठी क्रिकेटचे हातमोजे अंगठ्याकडे कमी पडतात. हॉकीच्या गोलरक्षकाचे त्यापेक्षा बरे, पण ते आपल्या मुठीत मावत नाहीत. नीट बसणारे हातमोजे मिळेपर्यंत हातावर वार नाही, हा नियम ठेवावा.

आता परीक्षेचे. टाळ्यांवर गुण देण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. पहिल्या पायरीची कसोटी वार करण्याची नको, वार थांबवण्याची हवी. दोरीला टेनिसचा चेंडू टांगावा. परीक्षक नाव पुकारेल तो वार विद्यार्थ्याने पूर्ण वेगाने सोडावा आणि लाकडी पाते चेंडूच्या चार बोटे अलीकडे थांबवावे. दहांपैकी आठ वेळा जमले तर उत्तीर्ण. चेंडू हलला की वार बाद. ज्याला हे जमत नाही, त्याच्यासमोर जोडीदार उभा करू नये. दुसऱ्या पायरीला रेषा तपासावी. लाल-पांढऱ्या पट्टीचे चित्रण बघून, आवाजावर विसंबून नाही. नळ (पात्याच्या लांबीने कोरलेली खाच) काढलेले पाते हवेत शिटी वाजवते, नळ नसलेले तितकी वाजवत नाही. आवाज ऐकून गुण दिले तर चांगल्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो. तिसऱ्या पायरीला, तीही अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर, धारदार पात्याने केळीचा खांब कापायला हरकत नाही. तिथेही तुकडा पडला की नाही हे बघू नये. कापाचा पृष्ठभाग बघावा. सपाट असेल तर धार रेषेत गेली. पळीसारखा खोलगट असेल तर पाते आत वळले आणि नुसत्या जोराने पार झाले.

माणसाच्या अंगावर, तळहातावर किंवा मानेखाली ठेवलेले लिंबू कापणे अभ्यासक्रमात नको, परीक्षेत नको आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातही नको. त्यातून शिकणाऱ्याचे कौशल्य कळत नाही, आडवे पडलेल्या पोराचा विश्वास तेवढा कळतो. लिंबू कापायचेच, तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून कापा.

कायद्याचे एक पान पुस्तकात असलेच पाहिजे. धारदार तलवारी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतात, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना तलवार, भाला घेऊन रस्त्याने जाणे हा गुन्हा ठरतो. हे आदेश सणासुदीला वरचेवर निघतात. शिबिरासाठी वीस पट्टे टेम्पोतून नेणाऱ्या शिक्षकाला हे ठाऊक हवे. स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवणे, शस्त्रे कुलूपबंद पेटीत नेणे आणि त्यांची नोंदवही ठेवणे या तीन गोष्टी शिक्षकाच्या प्रशिक्षणात घालाव्यात.

लिहिले की घराणी मरतात, असा आक्षेप वस्ताद मंडळींकडून येतो, आणि तो मनापासून असतो. कोल्हापुरातल्या तालमींनी हा मर्दानी खेळ जिवंत ठेवला. त्यांच्या शब्दाला मान द्यायलाच हवा. पण लिहिण्याची परंपरा आपल्यातही आहे. बडोद्याहून निघालेल्या दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशात या खेळांना सन्मानाची जागा मिळाली होती. कोरियात १७९० साली राजाज्ञेने चोवीस युद्धकौशल्यांचा सचित्र ग्रंथ झाला, त्यात एकेका पवित्र्याच्या चित्रांबरोबर सगळ्या क्रमाचा नकाशाही आहे. मध्ये खंड पडला तरी त्यावरून पुढच्यांना ती कौशल्ये पुन्हा उभी करता आली. जपानचे उदाहरण आपल्या प्रश्नाला नेमके लागू पडते. तिथल्या केंडो महासंघाने १९६९ साली वेगवेगळ्या घराण्यांतून निवडून म्यानातून तलवार उपसण्याचे सात सामाईक प्रकार ठरवले. १९८० मध्ये ते दहा झाले, २००० मध्ये बारा. परीक्षा मुख्यतः त्या बारांवर होते. घराणी मात्र आपापले जुने प्रकार आजही शिकवतात. सामाईक भाग छोटा ठेवला, हे त्यांचे शहाणपण.

आपणही तेच करावे. सामाईक भागात सलामी, चार पवित्रे, आठ वार, आठ अडवणी, अंतराचे तीन टप्पे आणि वर सांगितलेल्या कसोट्या, बस्स. बाकीचे रोख (हालचालींचे ठरलेले क्रम), डाव, ढाल-तलवारीचे आणि जोड पट्ट्याचे हात ज्याच्या त्याच्या तालमीचे. पुस्तकाच्या शेवटी प्रत्येक तालमीने आपला रोख स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावांसह लिहावा. संपादकांनी त्यात एक काना-मात्राही बदलू नये. २०२२ मध्ये पंचकुल्याला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत मल्लखांब, गतका, कलरीपयट्टू आणि थांग-ता यांचा समावेश होता. देशी खेळांसाठी दार उघडे आहे. स्पर्धेत उतरायचे तर पंचाच्या हातात आधी छापील नियम लागतात. आमच्या पाहण्यात तरी मर्दानी खेळाचे ते पान अजून कोरेच आहे.

लिहिणार कोण, हाही प्रश्न आहे. सहा-सात वेगवेगळ्या तालमींचे वस्ताद, एक अस्थिरोगतज्ज्ञ, एक शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आणि एक चित्रकार एवढी समिती पुरते. चित्रकार आवर्जून हवा. छायाचित्रात पाते एका जागी गोठते आणि रेषा दिसत नाही. चित्रात बाणाने ती दाखवता येते. मसुदा तयार झाला की तो छापण्याआधी ज्याने कधी तलवार हातात धरलेली नाही अशा, पण खेळ शिकवणाऱ्या दोन-तीन शिक्षकांच्या हाती द्यावा. त्यांनी नुसते वाचून लाकडी पट्टीने जनेवा करून दाखवावा. त्यांचे टोक गुडघ्याखाली गेले, तर तो परिच्छेद पुन्हा लिहायला घ्यावा.

आपले,
तलवार-पट्टा शिकवणारे काही प्रशिक्षक